आंतरराष्ट्रीय सहकार्यासाठी कर्मचाऱ्यांचा सन्मान: नियमावलीपासून सेवापुस्तकातल्या नोंदीपर्यंत

परदेशी विद्यापीठांशी सहकार्य वाढवल्याबद्दल कुणाचा सन्मान करायचा ठरले, की बहुतेक ठिकाणी पहिले नाव निघते ते करारावर सही करणाऱ्याचे. दुसरे नाव परदेशी जाऊन निबंध वाचून आलेल्याचे. ज्यांनी वर्षभर पत्रव्यवहार सांभाळला, पाहुण्याच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र तयार केले, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका साक्षांकित करून वेळेत पाठवल्या, त्यांची आठवण समारंभाच्या आदल्या दिवशी होते आणि घाईत एक शाल वाढवली जाते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत असे प्रस्ताव मी वाचत आलो आहे. काम खरे असते, माणूसही लायक असतो, पण प्रस्ताव छाननीत टिकत नाही. जो टिकतो तो पुष्कळदा सर्वांत देखणा असतो, सर्वांत खरा नसतो.

पुरस्काराची आखणी करणारे, प्रस्ताव लिहिणारे विभागप्रमुख आणि निवड समितीत बसणारे, अशा तिघांसाठी पुढचे टप्पे आहेत. क्रम बदलू नका. निम्मे घोळ क्रम बदलल्यामुळेच होतात.

टप्पा १: काय मोजायचे, ते नावे येण्याआधी लिहून काढा

नावे समोर आल्यावर निकष लिहायला बसलात, की ते निकष कुणाच्या तरी मापाचे होतात. म्हणून पहिली बैठक फक्त निकषांची ठेवा आणि त्या बैठकीत एकाही व्यक्तीचे नाव घेऊ नका.

माझ्या मते एकच प्रश्न मध्यभागी ठेवावा: करार झाल्यावर पुढे काय चालू राहिले? सही एका दिवसाची असते. त्यानंतर दोन्हीकडचे विद्यार्थी एकत्र वर्गात बसले का, संयुक्त संशोधन छापून आले का, प्रयोगशाळेत नवे तंत्र रुजले का, दुसऱ्या वर्षी तेच सहकार्य पहिल्या माणसाशिवाय चालले का, हे तपासायचे आहे.

यावरून गुणांची विभागणी करता येते. शंभर गुण धरले तर मी अशी करीन: सहकार्य टिकून राहिले याला ३०, विद्यार्थ्यांना झालेल्या लाभाला २५, विभागाच्या अध्यापन-संशोधनात झालेल्या बदलाला २०, इतर सहकाऱ्यांना आणि इतर महाविद्यालयांना सामावून घेतले याला १५ आणि कागदपत्रांच्या पूर्णतेला १०. आकडे तुम्ही बदला, पण टिकण्याला सर्वाधिक वजन असू द्या.

काय मोजायचे नाही, हेही याच कागदावर लिहा. नुसता परदेश प्रवास मोजू नका. शुल्क भरून मिळणारे तथाकथित आंतरराष्ट्रीय पुरस्कार मोजू नका. अजिंठा लेणी पाहायला आलेल्या परदेशी प्राध्यापकाने वाटेत जळगावला थांबून दिलेले एक व्याख्यानही मोजू नका. असे व्याख्यान ही चांगली सुरुवात असते, पण त्यातून पुढे काही घडले नसेल तर ते सहकार्य ठरत नाही. हे आधी लिहून ठेवले नाही, तर छाननीच्या वेळी याच मुद्द्यावर वाद होतात.

अमेरिकेची फुलब्राइट किंवा जर्मनीची डाड (डीएएडी) यांसारखी शिष्यवृत्ती मिळवणे हा मोठा वैयक्तिक सन्मान आहेच. या पुरस्कारासाठी मात्र पुढचे विचारा: ती व्यक्ती परत आल्यावर विभागात काय आले?

गट वेगळे ठेवा. शिक्षक आणि शिक्षकेतर यांची एकाच यादीत तुलना करू नका. शिक्षकाच्या आंतरराष्ट्रीय कामाची दखल घेणारी एक व्यवस्था आधीपासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत परदेशातल्या परिषदेत निबंध वाचल्यास ७ गुण आणि देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचल्यास ५ गुण मिळतात, आणि ते पदोन्नतीच्या अर्जात धरले जातात. कक्ष अधिकारी, वरिष्ठ लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय सहायक, वसतिगृहाचे रेक्टर यांच्यासाठी असा कुठलाही रकाना नाही. म्हणून निदान एक पुरस्कार फक्त शिक्षकेतरांसाठी राखून ठेवा. तिसरा गट पथकाचा असावा. चार जणांनी मिळून केलेल्या कामाला चार जणांचीच नावे लागली पाहिजेत.

> तपासा: निकषांचा कागद अशा माणसाला वाचायला द्या ज्याचा या कामाशी संबंध नाही. त्याला तो वाचून "म्हणजे नेमके कोणाला मिळणार?" हे सांगता आले पाहिजे, आणि त्याच वेळी कोणा एकाचे नाव त्याच्या डोळ्यांसमोर येता कामा नये.

टप्पा २: मंजुरी, पैसा आणि वेळापत्रक

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सहकार्यासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. यूजीसीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि माजी विद्यार्थी संपर्क यांसाठी कार्यालय असावे, असे सुचवले आहे. विद्यापीठ पातळीवरचा पुरस्कार असेल तर प्रस्ताव या मंडळाकडून पुढे न्या आणि नियमावलीला व्यवस्थापन परिषदेची मंजुरी घ्या. महाविद्यालय पातळीवर असेल तर महाविद्यालय विकास समितीत ठराव करा. ठरावाचा क्रमांक आणि तारीख परिपत्रकात छापा. ठरावाशिवाय दिलेला पुरस्कार कुणी हरकत घेतली की लटकतो.

पैशाची तरतूद परिपत्रकाआधी नक्की करा. वेतन अनुदानातून रोख बक्षीस देता येईल असे गृहीत धरू नका. सर्वसाधारण निधीतून स्वतंत्र शीर्ष लागेल किंवा देणगीदाराने दिलेल्या ठेवीच्या व्याजातून रक्कम येईल. वित्त व लेखा अधिकाऱ्यांचे मत टिपणीवर लेखी घ्या. नोकरी देणाऱ्या संस्थेकडून मिळालेली रोख रक्कम पगारासारखी करपात्र धरली जाते, हेही पुरस्कारार्थीला आधीच सांगा. नंतर पगारातून कपात दिसली की आनंदावर विरजण पडते.

रोख रक्कम जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी एखाद्या प्रशिक्षणाला जाण्याचा खर्च, परदेशी भागीदार संस्थेच्या प्रशासकीय कार्यालयात आठवडाभराची भेट, कामासाठी चांगला संगणक, असे काही दिले तर त्याचा उपयोग जास्त होतो. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लससारख्या योजनेत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही भागीदार विद्यापीठात प्रशिक्षणासाठी जाता येते. करारात ती तरतूद असेल तर पहिली जागा पुरस्कारार्थीला द्या.

वेळापत्रक असे ठेवा:

1. कामाचा कालावधी मागचे पूर्ण कॅलेंडर वर्ष, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर.
2. परिपत्रक जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात.
3. प्रस्तावांची मुदत फेब्रुवारीअखेर.
4. छाननी मार्चमध्ये, निवड समिती एप्रिलच्या सुरुवातीला.
5. व्यवस्थापन परिषदेची मान्यता जूनपर्यंत, सन्मान ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

कॅलेंडर वर्ष घेण्याचे कारण साधे आहे. आपले सत्र जून-जुलैत सुरू होते, जपानमध्ये एप्रिलमध्ये, युरोप-अमेरिकेत ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या दरम्यान. शैक्षणिक वर्ष धरले की कुणाचे अर्धे काम एका वर्षात आणि अर्धे दुसऱ्यात पडते.

> सावध: एप्रिल-मे मध्ये मुलाखती ठेवू नका. परीक्षा, उत्तरपत्रिका तपासणी आणि वर ४४-४५ अंशांचा उन्हाळा. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून माणसाने दहा मिनिटांच्या मुलाखतीसाठी जळगावला यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. मुलाखत लागलीच तर नंदुरबार आणि धुळ्यातही केंद्र ठेवा.

टप्पा ३: वर्षभराची नोंदवही

हा टप्पा सगळे वगळतात आणि मग फेब्रुवारीत जुन्या ईमेल उकरत बसतात. प्रत्येक विभागाने एक साधी नोंदवही ठेवावी, कागदी किंवा संगणकावर, कशीही. रकाने पाचच: तारीख, काय केले, कोणी केले, कोणासोबत, पुरावा कुठे आहे.

"कोणी केले" या रकान्यात पदनाम लिहू नका, नाव लिहा. "कार्यालयाने पत्र पाठवले" या वाक्यात माणूस हरवतो.

कशा प्रकारच्या नोंदी व्हायला हव्यात याची काही उदाहरणे देतो, कारण हे काम डोळ्यांत भरत नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास पुढे जातात. जर्मनीशी आपले अंतर साडेचार तासांवरून साडेतीन तासांवर येते. संयुक्त ऑनलाइन वर्ग दर सोमवारी आपल्या दुपारी अडीचला असेल, तर दुसऱ्या दिवशीच तो दीडला सुरू होतो. ज्या लिपिकाने आदल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना संदेश पाठवून वेळ बदलली आणि सभागृहाचे आरक्षण हलवले, त्याच्यामुळे एक तास वाया गेला नाही. नोंद करा.

परदेशी पाहुणा विद्यापीठाच्या अतिथिगृहात उतरला, की त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. सगळे तिला सी-फॉर्म म्हणतात. रात्री उशिरा भुसावळला गाडीतून उतरलेल्या पाहुण्याचे पासपोर्ट-व्हिसाचे तपशील सकाळी पहिल्या तासात भरणारा अतिथिगृहाचा व्यवस्थापक हा आंतरराष्ट्रीय सहकार्याचा भाग आहे. नोंद करा.

युरोपात पूर्ण वर्षाचे ६० ईसीटीएस (तिकडची सामाईक क्रेडिट पद्धत) क्रेडिट असतात, आपल्या पदवीच्या आराखड्यात वर्षाला साधारण ४० ते ४४. विद्यार्थी एक सत्र बाहेर शिकून आला की त्याचे क्रेडिट इकडे कसे बसवायचे, याचा तक्ता परीक्षा विभागातल्या कुणीतरी बसून तयार केलेला असतो. तो तक्ता नसेल तर विद्यार्थ्याचे वर्ष जाते. नोंद करा, आणि तक्त्याची प्रत जोडा.

> तपासा: दर तीन महिन्यांनी विभागप्रमुखाने नोंदवहीवर तारखेसह सही करावी. वर्षाच्या शेवटी एका दिवसात लिहिलेली नोंदवही शाईवरूनही ओळखू येते.

टप्पा ४: प्रस्ताव लिहिणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबून बोलतो.

प्रस्तावाचे चार भाग पुरतात: एक पानाचे निवेदन, पुराव्यांची क्रमवार सूची, भागीदार संस्थेचे पत्र आणि संबंधित व्यक्तीची संमती. वीस पानांची छापील पुस्तिका, त्यात प्रत्येक पानावर सत्काराची छायाचित्रे, असे काही स्वीकारणार नाही, हे परिपत्रकातच लिहा.

निवेदन. नेहमी येते ते वाक्य असे: "सरांनी आंतरराष्ट्रीय स्तरावर भरीव योगदान देऊन विद्यापीठाचे नाव उज्ज्वल केले आहे." यातून समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी काय लिहायचे, त्याचा नमुना पाहा. तपशील कल्पित आहेत, मांडणी लक्षात घ्या:

"केळीच्या खोडापासून धागा काढण्याच्या संयुक्त प्रकल्पात आमच्या विभागाच्या ६ विद्यार्थ्यांनी भागीदार विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसोबत ऑनलाइन प्रयोग केले (पुरावा १). प्रयोगशाळा सहायकांनी रावेर आणि यावल तालुक्यांतल्या शेतांतून खोडांचे नमुने आणले, ते वाळवून त्यांची एकसारखी नोंद ठेवण्याची पद्धत बसवली (पुरावा २). हीच पद्धत भागीदारांनी त्यांच्या प्रयोगशाळेत वापरली (पुरावा ३). पुढच्या तुकडीला ती शिकवण्यासाठी मराठी आणि इंग्रजीत आठ पानांची पुस्तिका तयार केली (पुरावा ४). प्रकल्पाचे पहिले मार्गदर्शक सप्टेंबरमध्ये बदली होऊन गेले, काम थांबले नाही (पुरावा ५)."

या मांडणीत प्रत्येक वाक्याला पुरावा आहे, माणूस दिसतो, आणि सहकार्य टिकल्याचे शेवटच्या वाक्यात कळते. कौतुकाचे विशेषण एकही नाही.

पुरावे. कराराची प्रत जोडताना त्याची मुदत पाहा. संपलेल्या कराराची प्रत जोडणे ही अगदी नेहमीची चूक आहे. संयुक्त शोधनिबंध असेल तर डीओआय क्रमांक (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) द्या आणि लेखकांच्या यादीत दोन्ही संस्थांचे पत्ते आहेत का, ते बघा. 'ज्ञान' (GIAN) किंवा 'स्पार्क' (SPARC) यांसारख्या केंद्र सरकारच्या योजनेतला उपक्रम असेल तर मंजुरीपत्राचा क्रमांक आणि खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र लागेल. विद्यार्थ्यांची नावे देऊ नका, संख्या आणि वर्ग द्या. हजेरीपत्रक मूळ नस्तीत राहू द्या, समितीने मागितले तर दाखवा.

छायाचित्रे दोनच. एकही व्यासपीठावरचे नको.

भागीदार संस्थेचे पत्र. परदेशी प्राध्यापकाला "एक चांगले पत्र द्या" असे सांगितले की गोड शब्दांचे पत्र येते आणि त्याचा उपयोग होत नाही. त्यांना तीन प्रश्न पाठवा: या व्यक्तीशी तुमचे काम कोणत्या काळात झाले? त्यांनी केलेली कोणती गोष्ट इतर कुणी केली नसती? पुढच्या वर्षी तुम्ही मिळून काय करणार आहात? पत्र संस्थेच्या लेटरहेडवर आणि संस्थेच्या ईमेलवरून यायला हवे. डिसेंबरचे शेवटचे दिवस नाताळच्या सुट्टीचे असतात आणि ऑगस्टमध्ये युरोपात कुणी भेटत नाही, म्हणून जानेवारीच्या मध्यावर मागा आणि तीन आठवडे द्या.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यासाठी पत्र मागताना तिकडच्या प्राध्यापकाकडे जाऊ नका. तिकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या समकक्ष माणसाकडे जा. रोजचा पत्रव्यवहार त्यांचाच असतो, आणि ते मनापासून लिहितात.

संमती. आपल्याकडे चांगली माणसे स्वतःहून अर्ज करत नाहीत. "आपण आपलं काम केलं, त्यात काय सांगायचं" असे म्हणून बाजूला होतात. म्हणून स्वतः अर्ज करण्याची अट ठेवू नका. विभागप्रमुख, सहकारी किंवा विद्यार्थी कुणीही नाव सुचवू शकेल असे ठेवा, आणि त्या व्यक्तीची सही फक्त संमतीसाठी घ्या.

> सावध: प्रस्तावकाने स्वतःचे नाव "मार्गदर्शनाखाली" असे शब्द वापरून निवेदनात घुसवू नये. शिक्षकेतरांच्या प्रस्तावात हे फार होते. तीन ओळी कर्मचाऱ्याबद्दल आणि सात ओळी विभागप्रमुखांच्या दूरदृष्टीबद्दल असतील, तर छाननीत तो प्रस्ताव परत पाठवा.

टप्पा ५: छाननी

छाननी म्हणजे गुण देणे नव्हे. इथे फक्त खरे-खोटे आणि नियमातले-नियमाबाहेरचे पाहायचे. दोन जण पुरतात: आस्थापना विभागातला एक अनुभवी माणूस आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातला एक.

आधी साध्या गोष्टी बघा. परदेश दौऱ्याला कार्यालयाची परवानगी आणि मंजूर रजा होती का? यजमान संस्थेने प्रवास-निवासाचा खर्च केला असेल, तर त्या आतिथ्याबाबतची परवानगी ज्यांना लागू आहे त्यांनी घेतली होती का? परिषद खरी होती का? एकाच हॉटेलात एकाच दिवशी दहा विषयांच्या "जागतिक परिषदा" भरवणारे आयोजक ओळखणे अवघड नाही. आयोजकाचा पत्ता, संपादक मंडळ आणि मागच्या वर्षीची कार्यवाही शोधा. पाच मिनिटांत कळते.

मग महत्त्वाच्या परवानग्या. खानदेशात हे विशेष लागू आहे, कारण आपल्याकडचे बरेच सहकार्य शेती, वनस्पती आणि आदिवासी आरोग्य या विषयांत होते.

- केळी, भरिताची वांगी, सातपुड्यातल्या औषधी वनस्पती किंवा मातीतले जिवाणू परदेशी संस्थेला दिले असतील, तर जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य झालेल्या सहयोगी संशोधन प्रकल्पाला सवलत आहे, पण मग तो प्रकल्प तसा मान्य झाल्याचा कागद हवा.
- नंदुरबारमधल्या सिकलसेलसारख्या विषयावर परदेशी भागीदारासह आरोग्य संशोधन असेल, तर नैतिकता समितीची मान्यता आणि केंद्रीय पातळीवरची आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता पाहा.
- अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून बाहेर दिल्या असतील, तर बोलणाऱ्यांची संमती होती का, आणि ध्वनिमुद्रणाची प्रत इकडच्या ग्रंथालयात आहे का?
- संयुक्त किंवा दुहेरी पदवी सुरू केल्याचा दावा असेल, तर तो यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत बसतो का? त्या नियमांत आपल्या संस्थेच्या पात्रतेची एक वाट नॅकच्या (राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद) किमान ३.०१ गुणांकाची आहे. फ्रँचायझी पद्धतीला परवानगी नाही. नुसते "दुहेरी प्रमाणपत्र" देणारा उपक्रम म्हणजे दुहेरी पदवी नव्हे.

परवानगी नसलेल्या कामाचा सन्मान केला, तर त्या माणसाचेच नुकसान होते. मानपत्र छापून झाल्यावर कुणी विचारले की नमुने कसे बाहेर गेले, तर उत्तर त्याला एकट्याला द्यावे लागते. म्हणून कागद अपुरा दिसला तर प्रस्ताव फेटाळू नका, दहा दिवसांची मुदत देऊन तो मागवा. कागद नसेलच तर प्रस्ताव यंदा बाजूला ठेवा आणि कारण लेखी कळवा.

> तपासा: प्रत्येक प्रस्तावावर एक पानी छाननी-पत्रक लावा: पूर्ण, अपूर्ण किंवा अपात्र, आणि कारण. दोघांच्या सह्या. माहिती अधिकारात विचारणा आली तर हेच पान कामाला येते.

टप्पा ६: निवड समिती

पाच जण पुरेसे. निदान एक सदस्य तिन्ही जिल्ह्यांबाहेरचा घ्या, आणि एक शिक्षकेतर असू द्या. तो नसला की शिक्षकेतरांच्या प्रस्तावातले काम किती अवघड होते, हे कुणाला कळतच नाही.

आपल्या भागात सगळे एकमेकांना ओळखतात. कुणी एकाच संस्थेत शिकलेला असतो, कुणी सोयऱ्यातला निघतो. यात लाजण्यासारखे काही नाही, फक्त ते लिहून द्या. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येक सदस्याकडून हितसंबंधांचे निवेदन घ्या. ज्याचा संबंध असेल त्याने त्या प्रस्तावापुरते बाहेर बसावे आणि तशी नोंद इतिवृत्तात यावी.

गुण आधी एकेकट्याने द्या, चर्चा नंतर. आधी चर्चा झाली, की ज्येष्ठांनी दिलेला आकडाच सगळे लिहितात. चर्चेनंतर गुण बदलायचे असतील तर बदला, पण जुना आकडा खोडू नका, शेजारी नवा लिहा आणि एका वाक्यात कारण द्या.

मोठ्या विभागांचा प्रश्न इथे येतो. जळगावातल्या विद्यापीठ विभागाकडे किंवा अमळनेर-शिरपूरच्या जुन्या महाविद्यालयांकडे माणसे आणि साधने जास्त असतात. तळोद्याच्या महाविद्यालयात एकाच लिपिकाकडे प्रवेश, शिष्यवृत्ती आणि परदेशी पत्रव्यवहार असे सगळे असते. उपलब्ध साधनांच्या तुलनेत काम किती झाले, हे समितीने विचारात घ्यावे. त्यासाठी प्रस्तावात "या कामासाठी उपलब्ध मनुष्यबळ" असा एक रकाना ठेवा.

लायक प्रस्ताव नसेल तर त्या गटात पुरस्कार देऊ नका. नियमावलीत तशी तरतूद असू द्या.

टप्पा ७: मानपत्र आणि समारंभ

नाव सेवापुस्तकाप्रमाणे घ्या. ज्यांना सगळा विभाग नाना किंवा आप्पा म्हणतो, त्यांचे पूर्ण नाव त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही ठाऊक नसते, आणि फोनवर विचारून छापलेले नाव चुकते. मानपत्राचा कच्चा मसुदा त्या व्यक्तीला दाखवून सही घ्या.

मजकूर सहा-सात ओळींचा. त्यात केलेल्या कामाचे निदान एक नेमके वाक्य यावे: "परदेशी सत्राच्या क्रेडिटचा तक्ता तयार करून विद्यार्थ्यांचे वर्ष वाचवले", असे. सगळ्यांच्या मानपत्रावर एकच मजकूर आणि फक्त नाव वेगळे, असे करू नका. मानपत्र मराठीत द्या आणि भागीदार संस्थेला पाठवण्यासाठी इंग्रजी प्रत वेगळी काढा.

विद्यापीठाचा वर्धापन दिन १५ ऑगस्टला येतो. त्या दिवशी सन्मान करायचा मोह होतो, पण ध्वजवंदन आणि इतर कार्यक्रमांत वेळ पुरत नाही. प्रत्येक पुरस्कारार्थीला निदान तीन मिनिटे बोलता येतील असा स्वतंत्र दिवस घ्या. शिक्षकेतरांना आधी बोलवा. भागीदार संस्थेचा माणूस ऑनलाइन येणार असेल तर त्याच्या वेळेप्रमाणे क्रम लावा आणि जोडणी आदल्या दिवशी तपासा. घरच्या माणसांना रीतसर निमंत्रण पाठवा, पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखा.

> सावध: सत्कारमूर्तींपेक्षा व्यासपीठावरच्या पाहुण्यांची संख्या जास्त झाली, तर कार्यक्रमपत्रिका पुन्हा लिहा.

टप्पा ८: नंतरची कागदपत्रे

समारंभानंतर पंधरा दिवसांत चार गोष्टी करा.

1. पुरस्काराचा आदेश काढून त्याची नोंद सेवापुस्तकात घ्या. गोपनीय अहवालाच्या वेळी तो समोर यावा म्हणून एक प्रत वैयक्तिक नस्तीत लावा. ही नोंद राहून गेली, तर बदली किंवा पदोन्नतीच्या वेळी मानपत्र घरच्या भिंतीवर असते आणि कार्यालयात काहीच नसते.
2. पुराव्यांचा संच अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला द्या. नॅकच्या वार्षिक अहवालात प्रत्यक्ष चालू असलेले करार आणि त्यांतले उपक्रम मागितले जातात. पुरस्काराचा कालावधी कॅलेंडर वर्षाचा असल्याने तिथे भरताना शैक्षणिक वर्षाप्रमाणे विभागणी करावी लागेल.
3. ज्यांची निवड झाली नाही त्यांना कारणासह पत्र द्या. "पुढील वाटचालीस शुभेच्छा" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या निकषावर गुण कमी पडले आणि कोणता पुरावा जोडला असता तर फरक पडला असता, हे दोन वाक्यांत लिहा. पुढच्या वर्षीचे चांगले प्रस्ताव याच पत्रांतून येतात.
4. पुरस्कारार्थीने बसवलेल्या पद्धती, पत्रांचे नमुने, क्रेडिटचे तक्ते आणि संपर्कांची यादी एका नस्तीत एकत्र करून दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या हाती सोपवा. सेवानिवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या माणसाबाबत हे त्याच महिन्यात करा. ती नस्ती कोणाकडे दिली त्याचे नाव आणि तारीख विभागाच्या नोंदवहीत लिहा, आणि भागीदार संस्थेलाही दुसऱ्या माणसाचा ईमेल कळवा.